जाम नदीला लिस्ट मॅनेजर नको

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ‘लिस्ट मॅनेजर’ नावाची एक पगारी नोकरी असते, आणि खेळ बंद असतो नेमका तेव्हाच त्या माणसाला जेवायला वेळ मिळत नाही. सप्टेंबर संपता संपता मेलबर्नच्या मैदानावर अंतिम सामना होतो, लाखभर लोक घरी जातात, खेळाडू समुद्रकिनारी जातात, आणि हा गृहस्थ यादी घेऊन बसतो. एका वेळी मैदानात अठरा खेळाडू लागतात, यादीत नावं असतात चाळीसच्या आसपास. त्यातलं कोण ठेवायचं, कोण काढायचं, कोणाला दुसऱ्या क्लबच्या गळ्यात घालायचं आणि घालताना ‘आमच्या जिवावर येतंय हो’ असा चेहरा कसा करायचा, हे सगळं त्याला दोन महिन्यांत उरकायचं असतं. ऑक्टोबरात अदलाबदलीचा बाजार भरतो, नोव्हेंबरात नव्या पोरांची निवड होते. २०१५पासून तर पुढच्या वर्षीच्या निवडीचा हक्कही आजच देऊन टाकता येतो. म्हणजे जो मुलगा अजून शाळेत आहे, आणि तो मुलगा कोण हेही ज्याचं त्याला ठाऊक नाही, त्याच्या बदल्यात तिशी उलटलेला, गुडघा धरून चालणारा अनुभवी गडी घरी आणता येतो. त्याहून रम्य प्रकार म्हणजे खेळाडूला मुख्य यादीतून काढायचं आणि त्याच फोनवर सांगायचं की बाबा, कुठे जाऊ नकोस, थोड्या दिवसांनी तुला नवशिक्यांच्या यादीत परत घेतो. ‘मला काढलं म्हणजे?’ ‘कागदावर काढलं.’ ‘मग मी क्लबात आहे की नाही?’ ‘आहेस. फक्त यादीत नाहीस.’ रेशन कार्डावरून नाव उडालेल्या कुठल्याही माणसाला हे संभाषण तोंडपाठ असेल.

एवढं पुराण लावायचं कारण असं, की या साऱ्या उपद्व्यापाची मुळात गरजच नाही असा आमचा सिद्धांत आहे, आणि त्याचा पुरावा नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी उघड्यावर मांडलेला असतो. (सिद्धांत मांडणाऱ्याने आयुष्यात एकही चेंडू धड झेललेला नाही, ही गोष्ट वाचकांनी सिद्धांताच्या बाजूने धरावी. ज्याचं नाव कुठल्याच यादीत कधी आलं नाही, त्याच्याइतकं निःपक्षपाती यादीबद्दल कोण बोलणार?) जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. पांढुर्णेकरांनी झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा, सावरगावकरांनी तो नेऊ द्यायचा नाही, आणि या मतभेदाची चर्चा दोन्ही बाजूंनी दिवसभर दगडांनी करायची. हीच गोटमार. हजारो लोक खेळतात, आणखी हजारो लोक पुलावरून आणि गच्च्यांवरून बघत सल्ले देतात. आता एवढे खेळाडू निवडले कोणी? मेलबर्नचा एखादा लिस्ट मॅनेजर पोळ्याच्या आधी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर उतरला आणि त्याने विचारपूस केली, तर ती साधारण अशी होईल. ‘तुमची यादी कुठे आहे?’ ‘काहाची यादी जी?’ ‘खेळाडूंची.’ ‘इकडच्या काठाले राह्यते थे आपले, तिकडच्या काठाले राह्यते थे त्यायचे.’ ‘आणि तिकडचा एखादा चांगला नेमबाज इकडे हवा असला तर?’ ‘मंग त्याले इकडं घर बांधा लागन.’ पगाराची कमाल मर्यादा विचारली तर किमान मर्यादाही नाही असं कळेल, कारण पगारच नाही. करार नाही, दलाल नाही, निवृत्तीचा समारंभ नाही. साठी ओलांडलेला गृहस्थ गच्चीवर गेला की तो निवृत्त, आणि कोणी डिवचलं म्हणून खाली उतरला की पुनरागमन.

उलट, यादीत ढवळाढवळ केली तर काय होतं, हे सांगण्यासाठीच ही जत्रा भरते असं म्हणायला जागा आहे. गोटमारीची जी कथा सांगतात ती अशी: पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी यांचं जमलं, तो तिला पहाटे पळवून नेत होता, दोघं नदीच्या मध्यावर असताना सावरगावकरांनी पाहिलं आणि दगड मारायला सुरुवात केली. ते पाहून पांढुर्णेकरांनी मुलाच्या बाजूने दगड उचलले. कथेत त्या दोघांचा शेवट होतो, भांडण तेवढं मागे उरतं. लिस्ट मॅनेजरच्या भाषेत मांडायचं तर सावरगावच्या यादीतलं एक नाव क्लबच्या संमतीशिवाय, मुदतीबाहेर आणि मोबदला न देता पांढुर्ण्याच्या यादीत हलवण्याचा प्रयत्न झाला, व्यवहार भर नदीत अडकला, आणि त्याचा निकाल काही शतकं उलटली तरी लागलेला नाही. ज्यांना ही प्रेमकथा पटत नाही ते सांगतात की नागपूरकर भोसल्यांचे सैनिक इथे दगडफेकीचा सराव करत, त्यातून ही प्रथा आली. तसं असेल तर गोटमार म्हणजे मोसमपूर्व सराव शिबिर ठरतं. १८५३मध्ये भोसल्यांचं राज्यच खालसा झाल्यामुळे मोसम कायमचा रद्द झाला. शिबिर बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. बाकी कथेतला व्यवहार एरवी लग्नसराईत अगदी रीतसर होतो, दोन्ही क्लबांची संमती, मोबदल्याची बोलणी, जेवणावळ आणि रुसवेफुगवे धरून. परिणाम इतकाच की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा या काठावर आणि मामा त्या काठावर. भाच्याचा नेम चुकला तर मामाला वाटतं, पोरगं आमच्यावर गेलं नाही. नेम बसला तर वाटतं, आमच्यावरच गेलं.

यावर पहिला आक्षेप येईल की माणसाचा पत्ता बघून त्याची बाजू ठरवणं ही मागास पद्धत झाली, शिकल्यासवरल्या देशात असं चालत नाही. चालत नाही कसं, सत्तर वर्षं चाललं होतं. मेलबर्नच्या वस्त्या १९१५मध्येच तिथल्या क्लबांत वाटून दिल्या गेल्या होत्या, आणि १९६८पासून व्हिक्टोरियाचा ग्रामीण मुलूखही वाटला गेला. कॉलिंगवूडच्या हद्दीत राहणारं पोरगं कॉलिंगवूडचं, त्याला मनातून दुसरा क्लब आवडत असला तर त्याने तो मनातच ठेवावा. हे सारं मोडून देशभरातून खेळाडू निवडण्याची पद्धत आली ती १९८६मध्ये. पत्ता ही कल्पना वाईट होती म्हणून ती मोडली असं समजू नये. मोडली कारण हॉथॉर्नसारख्या क्लबाच्या वाट्याला आलेल्या टापूत खेळाडू पिकत होते आणि इतर काहींच्या वाट्याला नुसतीच कुरणं आली होती, आणि शेजाऱ्याच्या वावराला पाणी जास्त ही तक्रार कुठल्याही खंडात फार काळ दाबता येत नाही. शिवाय पत्त्यावर काही ठरतं म्हटलं की माणसं पत्त्याचं काय करतात, हे चांगल्या शाळेच्या प्रवेशासाठी अकरा महिन्यांचा भाडेकरार करणाऱ्या पालकांना वेगळं सांगायला नको. आणि तिकडे नुसती माणसंच नाही, क्लबही पत्ता बदलतात. साउथ मेलबर्न नावाचा जुना, खानदानी क्लब १९८२मध्ये उठून सिडनीला गेला. त्याच्या पाठीराख्यांनी दर आठवड्याला आठशे-नऊशे किलोमीटर जावं की निष्ठा बदलावी, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. सावरगाव असं उठून सिडनीला जाणार नाही. त्याची पोरं नागपूरला, पुण्याला, सुरतेला कामाला गेली तरी ती यादीतून गेली असं कोणी म्हणत नाही. पोळ्याला रजा मिळाली नाही तर मालकाला आजोबांच्या प्रकृतीचं कारण सांगायचं एवढाच त्यांचा करार असतो, आणि अशा प्रकारे काही आजोबा दर भाद्रपदाच्या तोंडावर अत्यवस्थ होतात.

तिकडच्या लोकांनाही आतून पत्ता आणि रक्त यांचाच ओढा आहे, याचा पुरावा त्यांच्याच नियमावलीत पडला आहे. एवढी शास्त्रशुद्ध निवड, एवढे आकडे, एवढ्या चाचण्या, आणि मध्येच एक कलम असं, की बापाने एखाद्या क्लबाकडून शंभर सामने खेळले असतील तर त्या क्लबाला मुलावर पहिला हक्क सांगता येतो. २००१मध्ये जीलाँगने गॅरी अ‍ॅब्लेट नावाच्या थोर खेळाडूचा त्याच नावाचा मुलगा असाच घेतला, आणि पुढे बापाच्या तोडीचा निघून त्याने नियमाची लाज राखली. आपल्याकडे यालाच घराणेशाही म्हणून आपण नाकं मुरडतो आणि मत देऊन येतो. गोटमारीला हा नियम लावायचा म्हटलं तर अडचण अशी की सामना वर्षातून एकच. बापाने शंभर सामने पुरे करायचे तर त्याला शंभर वर्षं नदीत उभं राहावं लागेल, आणि मुलगा निवडीला पात्र ठरेल तोवर तो स्वतः आजोबा झालेला असेल. म्हणून पांढुर्ण्या-सावरगावने शंभराची अट काढून टाकली आहे. बाप नुसता गच्चीवरून ओरडत असला तरी मुलगा पात्र.

दुसरा आक्षेप जास्त हुशार लोकांचा असतो. ते म्हणतात, यादीवर कोणी लक्ष ठेवलं नाही तर एक बाजू कायम जिंकत राहील आणि खेळाची मजा जाईल. म्हणून तर तिकडे तळाला राहिलेल्या क्लबाला पहिली निवड देतात. कागदावर हे फार न्याय्य दिसतं. पण शेवटच्याला बक्षीस आहे म्हटल्यावर शेवटचं येण्याचीही स्पर्धा लागते. मेलबर्न क्लब २००९च्या मोसमात मुद्दाम हरला का, याची पुढे मोठी चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की क्लब जाणूनबुजून हरलेला नाही, आणि २०१३मध्ये त्या न हरल्याबद्दल क्लबाला पाच लाख डॉलर दंड झाला. हा निकाल वाचून आपल्याकडच्या कुठल्याही खातेनिहाय चौकशी अधिकाऱ्याचा ऊर भरून येईल. गोटमारीत मुद्दाम हरायला कोणी धजावत नाही, कारण हरल्याबद्दल पुढच्या वर्षी चांगली पोरं मिळणार नाहीत. जी आहेत तीच, एक वर्षाने मोठी आणि जास्त चिडलेली. आणि समतोल राखायची तिथली युक्ती तर बिनखर्चाची आहे. संध्याकाळपर्यंत झाड तुटलं नाही तर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मिळून ते काढतात आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचवतात. दिवसभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते अशा वेळी आपसात समजून उमजून मिटतं. मग हे सकाळीच का मिटवत नाहीत, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: एकीकडे नियमांनी बांधलेला खेळ आणि दुसरीकडे दगडफेक, यांची तुलना करताच कशी? जन्मकथेपुरती करता येते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल निघालं तेच मुळी रिकाम्या मोसमातून. १८५८च्या जुलैत टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात आमचे क्रिकेटवाले सुस्तावतात, त्यांना चपळ ठेवायला फुटबॉलचा क्लब काढा, ते जमत नसेल तर निदान बंदुकीच्या नेमबाजीचा काढा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले, दहा. म्हणजे दुसऱ्या खेळाच्या सुट्टीतला विरंगुळा म्हणून जे सुरू झालं, त्याच्या स्वतःच्या सुट्टीसाठी आता माणसं नेमावी लागतात. बंदुकीचा पर्याय त्यांनी सोडला हे बरंच झालं. गोटमारीचे नियम मात्र कधी लिहिले गेले नाहीत, आणि इथे आमच्या सिद्धांताची एक बाजू लंगडी पडते, ती लपवत नाही. या एका दिवसात शेकड्यांनी लोक जखमी होतात, आणि १९५५पासून आजवर डझनभराहून जास्त जणांचा जीव गेला आहे. त्यांच्या घरी हा विषय विनोदाचा नाही. गोटमारीत फक्त एकच यादी होते आणि ती खेळ संपल्यावर, दवाखान्यात. मेलबर्नचा लिस्ट मॅनेजर आपल्या जायबंदी खेळाडूंची यादी बघून रात्री झोपत नाही. इथली बघितली तर तो राजीनामा देईल. तेव्हा तिकडून एखादी गोष्ट उसनी घ्यायचीच असेल तर निवडीची पद्धत राहू द्या, त्यांचे डॉक्टर घ्या.

आणि तसं पाहिलं तर अदलाबदलीचा अनुभव या मुलखाला नाही असंही नाही. फक्त इथे खेळाडूंची होत नाही, अख्ख्या तहसिलींची होते. देवगडच्या गोंड राजांकडून हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्यांच्याकडून इंग्रजांकडे, आणि १८६१पासून मध्य प्रांताच्या यादीत बसला. प्रांताची राजधानी नागपूर, भाषा मराठी, बाजार नागपूरचा, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. मग १ नोव्हेंबर १९५६ला देशपातळीवरचा सर्वांत मोठा व्यवहार झाला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला गेले, राजधानी भोपाळला गेली, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशाच्या यादीत राहून गेले. तुम्हाला कुठल्या क्लबात जायचंय असं खेळाडूला विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आताही फारशी नाही. संत्र्यांना मात्र हा व्यवहार कोणी कळवला नसावा. ती अजून बिनदिक्कत नागपुरी म्हणून विकली जातात. राजकीय अदलाबदलीबद्दल बोलायचं तर मार्च २०२०मध्ये मध्य प्रदेशातल्या बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकारच पडलं. त्या मोसमाचं सराव शिबिर बंगळुरूच्या एका रिसॉर्टमध्ये भरलं होतं.

पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा वेगळे काढून नवा जिल्हा केला. एका फटक्यात दोन तयार तहसिली गेल्या आणि छिंदवाड्याला बदल्यात तिसऱ्या फेरीतली एखादी निवडसुद्धा मिळाली नाही. मेलबर्नमध्ये असा व्यवहार करणारा लिस्ट मॅनेजर सोमवारी कामावर दिसला नसता. त्यातली खरी गंमत सौंसरला विचारावी. इंग्रजांच्या गॅझेटियरात पांढुर्ण्याची नोंद सौंसर तहसिलीतलं एक गाव अशी आहे. आता सौंसर ही पांढुर्णा जिल्ह्यातली एक तहसील आहे. कालपर्यंत ज्याला आपण राखीव खेळाडूंत बसवत होतो तो आज कप्तान, आणि जर्सीवर नावही त्याचंच. सौंसरकर यावर फार बोलत नाहीत. जामसावळीचा निद्रिस्त हनुमान आमच्याच तहसिलीत आहे, एवढं ते हळूच सांगून ठेवतात.

राहता राहिला प्रश्न असा, की या सगळ्यात खरीखुरी यादी घेऊन बसलेलं कोणी आहे की नाही. आहे, भोपाळात, आणि तिच्यात अधिकाऱ्यांची नावं असतात. कलेक्टर येतात, एसपी येतात, एखाद-दोन गोटमारी बघतात आणि दुसऱ्या जिल्ह्याला दिले जातात. त्यामुळे पोळ्याआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत टेबलाच्या एका बाजूला दरवर्षी नवा संघ असतो आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं तोच. जमावबंदीचा आदेश निघतो आणि त्याच्या देखरेखीखाली जमाव जमतो. गोफणीवर बंदी येते, दारूवर बंदी येते, रुग्णवाहिका सांगितल्या जातात. मग नव्याने आलेले साहेब, हे कोणाला कसं सुचलं नाही याचं नवल करत, पेन टेबलावर ठेवून विचारतात, ‘पत्थर की जगह रबर की गेंदें क्यों नहीं देते?’ समोरचे ज्येष्ठ एकमेकांकडे बघतात, आणि त्यातला एक अदबीने सांगतो, ‘देल्ले होते नं साहेब, मागं एकदा प्रशासनानं.’ ‘फिर?’ ‘फिर काय जी, गोटमार गोट्यानंच झाली. गेंदा पोरायनं घरी नेल्या. सालभर क्रिकेट मस्त चाललं.’